सतरा नंबरचा नळ

शुक्रवार, ५ मे २०२३, फिंतास, कुवेत

ही वही पूर्वीने दिली. "बाबा, जस्ट राइट युअर फीलिंग्ज," म्हणाली. मला फीलिंग्ज नाहीत, मुद्दे आहेत. ते लिहीन.

मुद्दा एक. बँकेत गेल्या महिन्यापासून मी 'वरिष्ठ सल्लागार' आहे. हाताखालची अकरा माणसं दुसऱ्याला दिली आणि मला खिडकी दिली. पाच आठवड्यांत सल्ला विचारायला एकच जण आला. त्याला प्रिंटरचा कागद कुठे असतो ते हवं होतं.

मुद्दा दोन. पूर्वीची बारावी झाली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती आणि चित्रा प्रवेशासाठी पुण्याला जाणार, चित्रा दोन महिने तिथेच राहणार. तिसऱ्या मजल्यावरच्या फखरुन्निसाभाभी म्हणाल्या, रात्रीचा डबा मी पाठवीन. मी म्हटलं, नको नको. मला कुणाचं काही लागत नाही, हे मी पंचावन्न वर्षं सिद्ध केलेलं आहे.

मुद्दा तीन, डावा गुडघा. चित्रा तेल चोळून देते म्हणाली. तिलाही नको म्हटलं. जाब्रियाच्या दवाखान्यात दिवसभर लोकांचं रक्त काढून दमून येते, तिला कशाला त्रास?

मुद्दा चार, आणि आजचा खरा. आमच्या इमारतीचा हारिस नरबहादुर, म्हणजे वॉचमन, झाडूवाला आणि गाड्या धुणारा सगळा एकच, आज लिफ्टसमोर स्टुलावर बसून होता. एरवी मला बघून उभा राहतो. आज राहिला नाही, म्हणून मीच जिन्याच्या पायरीवर बसलो.

त्याचं गाव काउलेडांडा, नेपाळात पाल्पाच्या वरच्या अंगाला. बेचाळीस घरं, मका आणि भात, उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं. पाणी मात्र खाली घळीत. बायका पहाटे गागरी घेऊन उतरतात आणि भरून चढतात, खेपेला सव्वा तास. नरबहादुरची आई चौऱ्याहत्तर वर्षांची. ती हिवाळ्यात गागरीसकट घसरली. पोचा फक्त गागरीला आला, असं ती सांगते. नरबहादुरचा त्यावर विश्वास नाही, कारण हल्ली ती फोनवर उभी राहून बोलत नाही.

आता पलीकडच्या डोंगरातल्या झऱ्यावरून पाइप येतोय आणि प्रत्येक घराला नळ मिळणार आहे. पाइप नि टाकी सरकारची, चर खणायचा गावाने. चिठ्ठ्या टाकून प्रत्येक घराला तीस मीटर दिले. जो खणेल त्याला नळ. नरबहादुरच्या घराला सतरा नंबर आला. घरात आई आणि बायको लालमाया, जिचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये. मुदत पंधरा जून. त्यानंतर सगळं गाव भातलावणीला लागतं आणि पावसाने चर बुजतो.

"मजूर लाव की," मी म्हटलं.

"मजूर कहाँ है, साब? सब मजूर तो कुवेत में है."

मी त्याला सांगितलं, काळजी करू नकोस, माझा बावीस वर्षांचा अनुभव तुझ्या पाठीशी आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि स्टूल मला दिलं.

शनिवार, ६ मे

सकाळी सहा ते अकरा आराखडा केला. सात रंग, एकशे बारा ओळी. पूर्वी मागून डोकावली. "बाबा, इट्स अ व्हिलेज, नॉट अ सर्व्हर मायग्रेशन." तिला म्हटलं, तत्त्व तेच असतं.

दुपारी गावाशी व्हिडिओ कॉल. पाणी समितीच्या अध्यक्ष खीमकुमारी. सगळे त्यांना दिदी म्हणतात, म्हणून मीही, जरी त्या माझ्याहून दहा वर्षांनी लहान असाव्यात. एका हातात फोन, दुसऱ्यात विळा. मी अकरा स्लाइड दाखवल्या. नरबहादुर हिंदीचं नेपाळी करत होता. मी पाच मिनिटं बोललो की तो दोन शब्द बोलायचा. नेपाळी भाषा फारच आटोपशीर आहे.

शेवटी दिदींनी एकच प्रश्न विचारला: तुमच्या घरात किती हात आहेत?

मी म्हटलं, सहा. त्या म्हणाल्या, मग बोलता येईल.

बुधवार, १० मे

पद्धत कळली. तिला पर्म म्हणतात. तू माझ्या शेतात एक दिवस राबलास की मी तुझ्या शेतात एक दिवस राबणार. दिवसाला दिवस. त्यात पैसा चालत नाही, समितीच्या ठरावातच तसं लिहिलंय.

आता माझी योजना. दिदींचा भाऊ टीकाराम इथेच, वफ्राच्या शेतावर काकड्यांच्या हरितगृहात असतो. एकटा पडलाय, त्याला शुक्रवारी हात हवा. नरबहादुरने टीकारामकडे चार शुक्रवार राबायचं. त्याच्या बदल्यात दिदी तिकडे सतरा नंबरचा चर चार दिवस खणतील. लालमाया डाव्या हाताने माती ओढेल. पण मग शुक्रवारी इमारतीचं काय? हारिसला सुट्टी नसते.

मी म्हटलं, मी आहे ना.

नरबहादुर पाच मिनिटं हसला. मग मी हसत नाही हे बघून थांबला. इमारतीच्या मालकाला विचारलं. त्याचं म्हणणं, जिने पुसलेले दिसले की झालं.

चित्रा फक्त म्हणाली, "अहो, मनगटाचं प्लास्टर बावीस तारखेला निघणार आहे हं लालमायाचं." हिला कसं कळलं कोण जाणे. आराखड्यात ती ओळ नव्हतीच. घातली.

शुक्रवार, १२ मे

पहिला दिवस. पहाटे साडेचारला खाली. गळ्यात शिट्टी, हातात छापील यादी.

चौदा गाड्या धुतल्या. त्यांतल्या तीन शेजारच्या इमारतीच्या निघाल्या. त्या इमारतीचा हारिस इजिप्तचा आहे. तो खुर्ची टाकून बसला, चहा पीत बघत राहिला आणि चौथ्या गाडीकडे बोट दाखवलं.

फखरुन्निसाभाभींचे यूसुफभाई फजरच्या नमाजाहून आले. त्यांचा फरवानियात पडद्यांचा धंदा, मूळ बाणकोटचे. थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "अवो सदानंदभाऊ, गाडी धुताव का बारशाची आंघोळ घालताव? एक गाडी नि अर्धी टाकी पाणी!"

मी त्यांना सांगितलं, दर्जा महत्त्वाचा. ते म्हणाले, "दर्जा ऱ्हवदे, साबण डोळ्यात गेलाय तुमच्या."

जिने पुसायला गेलो तर चौथ्यापासून खालचे आधीच पुसलेले. मीच पुसून खूण करायला विसरलो असणार. फखरुन्निसाभाभी ओल्या हातांनी जिन्यात उभ्या होत्या, "सहज आलते" म्हणाल्या.

संध्याकाळी गावाहून फोटो आला. सतरा नंबरमध्ये साडेसात मीटर चर, आणि त्याच्या कडेला नरबहादुरची आई डोक्यावर फडकं बांधून देखरेख करत बसलेली. मी तो फोटो तीनदा मोठा करून पाहिला. खोली थोडी कमी वाटते. कळवलं.

शनिवार, १३ मे

मराठी मंडळात माझ्या समाजकार्याची दखल घेतली गेलेली दिसते. सकाळी देवयानीबाईंनी स्वतः येऊन थालीपिठं दिली आणि चित्राचा हात बराच वेळ धरून ठेवला. नको नको म्हटलं तरी ऐकेनात. दुपारी मंडळाचा कार्यवाह आलोक याचा फोन. फार हळू आवाजात बोलत होता.

"काका, काल मी तुमच्या इमारतीवरून गेलो. तुम्हाला पाहिलं. मला फक्त एवढंच म्हणायचंय, कुठलंच काम कमी नसतं."

मी म्हटलं, अगदी बरोबर, उलट मला याचा अभिमान आहे.

त्याने आवाज आणखी हळू केला. मग म्हणाला, "काका, तुम्ही ग्रेट आहात. तुमचा बायोडाटा पाठवा ना मला."

कुठेतरी व्याख्यानाला बोलावणार असतील. पाठवला.

शुक्रवार, १९ मे

दुसरा दिवस. यादी सुधारली, फक्त आपल्याच गाड्या. पाचव्या मजल्यावर तीन गॅलन पाणी चढवलं, तेव्हा गुडघ्याने स्पष्ट नापसंती कळवली. तळमजल्यावरचे कुवेती आजोबा जुन्या शर्टांची पिशवी घेऊन आले. मी तीनदा नको म्हटलं. त्यांनी पिशवी माझ्या डोक्यावर ठेवली आणि गेले. त्यातला निळा मला नेमका बसतो.

पंधरा मीटर.

शुक्रवार, २६ मे

गाड्या धुतल्या. दहा वाजता धुळीचं वादळ आलं. गाड्या दिसेनात. परत धुतल्या.

बावीस मीटर. पुढे खडक आहे म्हणे. मी सुरुंगाविषयी माहिती काढून पाठवली. दिदींचं उत्तर आलं: पहार आहे.

मंडळातून आणखी दोन डबे.

शुक्रवार, २ जून

झाला! तीस मीटर झाला! आईने चरात उतरून दोन्ही हात वर करून फोटो काढलाय, फक्त हात आणि डोक्यावरचं फडकं दिसतंय. म्हणजे खोलीही बरोबर आहे.

नरबहादुर वफ्राहून आला तो काकड्यांची गोणीच घेऊन. त्याच्या डोळ्यांत पाणी. लॉबीतच व्हिडिओ कॉल लावला. समितीची बारा-पंधरा माणसं पडद्यावर. दिदींनी वहीतून वाचलं: खीमकुमारीच्या घराचे चार दिवस टीकारामला पोचले. आता सदानंदच्या घराचे चार दिवस नरबहादुरचं घर परत करेल. कधी आणि कोणतं काम, ते सांगा.

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, दिदी, नको नको. मला काही परत नको. मी हे माणुसकीच्या नात्याने केलं. माझ्याकडून ही सप्रेम भेट समजा.

नरबहादुरने भाषांतर केलं नाही. मीच हातवारे करत तेच हिंदी परत सांगितलं. तिकडे दिदींनी वही मिटली. आईने तोंड फिरवलं. गहिवरून आलं असावं. मग रेंज गेली.

फार समाधानाचा दिवस. माझ्याकडे तेवढे शब्द नाहीत.

रविवार, ४ जून

समितीने सतरा नंबर खोडला.

मला आधी वाटलं, चुकीच्या ओळीवर रेघ गेली. संध्याकाळी नरबहादुरला विचारलं. तो माझी गाडी धूत होता. मान वर न करता धूत राहिला. शेवटी बोलला. "साब, आपने मुझे भिखारी बना दिया. पूरे गाँव के सामने."

हळूहळू सगळं कळलं. जे परत घेत नाही ते पर्म नव्हे, ते दान. म्हणजे नरबहादुरने टीकारामला दिलेले चार दिवस त्याचे नव्हतेच, ते माझं दान होतं. आणि सतरा नंबरचा चर दानावर खणला गेला. समितीला दान चालत नाही. का चालत नाही त्यालाही कारण आहे. मागे एका मोठ्या घराने गावावर उपकार म्हणून पायवाट बांधली. काही परत घ्यायला नको म्हणाले. पुढे त्याच वाटेवरून दुसऱ्यांच्या बकऱ्या जाऊ देईनात. त्या दिवसापासून ठराव आहे.

मी म्हटलं, पण मी कशाला तुमच्या बकऱ्या अडवीन? मी फिंतासला राहतो!

"वो भी यही बोला था, साब. कि मैं तो पोखरा में रहता हूँ."

पंधरा तारखेला पाइप टाकणार. खोडलेल्या नंबरला जोड मिळणार नाही. पाइप सतरा नंबरच्या दारावरून पुढे जाईल, आणि आई गागर घेऊन खाली.

मला फार वाईट वाटतंय. हे फीलिंग आहे हे मान्य.

सोमवार, ५ जून

चित्राशी भांडण. मी म्हटलं, माणसाने नको म्हणू नये का? सभ्यपणा आहे तो.

"सभ्यपणा नाही, मिजास आहे," ती म्हणाली. "द्यायला सगळ्यात पुढे. घ्यायची वेळ आली की राजेसाहेबांना काही लागत नाही. समोरच्याने काय करायचं मग, ओझं घेऊन फिरायचं?"

मी विचारलं, हे तू नरबहादुरविषयी बोलतेयस ना? ती म्हणाली, "हो. नरबहादुरविषयीच." आणि भांडी फार जोरात लावली.

मंगळवार, ६ जून

निर्णय: चार दिवसांचं काम घ्यायचं. दिदींना कळवलं. त्या म्हणाल्या, काम खरं हवं. दाखवायला केलेलं चालणार नाही. तुमच्या घरात कोणतं काम अडलंय, जे तुमच्याने होत नाही?

रात्रीच्या जेवणाआधीपर्यंत घरभर फिरलो. पंखे मीच पुसतो. नळ मीच दुरुस्त करतो. पडदे मीच शिवतो, यूसुफभाई खाली असताना. इस्त्री मी, बूट मी, केस पूर्वी कापते पण मागून आरसा मीच धरतो. या घरात माझ्याने न होणारं एकही काम सापडेना. इतका नामुष्कीचा शोध मी आजवर लावला नव्हता.

पूर्वी म्हणाली, "बाबा, द बाल्कनी. एव्हरीथिंग डाइज देअर."

खरंच. सात वर्षांत तिथे चार तुळशी, दोन कढीपत्ते आणि एक मोगरा गेला.

बुधवार, ७ जून

दिदींनी जमीन पाहायला मागितली. फोन घेऊन बाल्कनीत गेलो. बाहेर सत्तेचाळीस अंश. त्यांनी फार गंभीरपणे पाहणी केली. उतार कोणत्या बाजूला? म्हटलं, मोरीकडे. ऊन कधी येतं? म्हटलं, जातच नाही. पाण्याचा स्रोत? आता मी अडलो. तेवढ्यात एसीच्या नळीतून थेंब पडला. फोन तिकडे धरला.

समितीत कुजबुज झाली. मी याच वेळी नव्या नऊ स्लाइड दाखवायला घेतल्या, पण दिदी म्हणाल्या, आम्ही उद्या सांगतो.

गुरुवार, ८ जून

मंजूर! शेत बाल्कनीत नाही, हॉलमध्ये खिडकीशी, तिथे आणखी दोन एसींच्या नळ्या आणता येतात. माझ्या स्लाइडचा परिणाम दिसला. चित्रा काल स्वयंपाकघरात दार लोटून कुणाशी तरी तासभर हिंदीत बोलत होती आणि मध्येच 'दिदी, दिदी' म्हणत होती, पण तिच्या दवाखान्यातही एक दिदी आहे.

अट एक: शुक्रवार-शनिवार दोन दिवस नरबहादुर आणि टीकाराम दोघं येणार, म्हणजे चार दिवस फिटतात; टीकारामचे नरबहादुर पुढे वफ्राला फेडेल. अट दोन: मी कामाला हात लावायचा नाही. जेवू घालायचं.

मग हे दोन दिवस हारिसचं काम कोण करणार? यूसुफभाई म्हणाले, "मी करतंय. पन माझं परत कोन करनार?" मी म्हटलं, मी. "मग माझे हॉलचे पडदे तुम्ही लावा. ईदच्या आत." घ्या, आता यूसुफभाईही साखळीत आले.

शुक्रवार, ९ जून

आयुष्यातला सर्वांत कठीण दिवस. मी बसून होतो.

दोघांनी फळांचे खोके, पत्रा आणि प्लास्टिक घेऊन खिडकीशी तीन पायऱ्यांचं शेत उभारलं. सोफा पूर्वीच्या खोलीत गेला. टीकारामने वफ्राची माती आणली. वरच्या पायरीत पाणी भरलं की मधल्यात, मधल्यातून खालच्यात, असा उतार. फोन खिडकीत टेकवलेला, त्यात नरबहादुरची आई. बांध कुठे फुटेल ते तिला पाल्पातून दिसत होतं. मला समोर बसून दिसलं नाही.

एसीची नळी जोडताना मी उठलोच. कोन चुकत होता.

"साब, बैठिए."

"अरे, पण पंचेचाळीस अंशांत—"

"साब, आज मेरा दिन है."

बसलो. मग पहिला थेंब वरच्या पायरीत पडला. आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो, चित्रासुद्धा. नरबहादुरने ट्रंकेतून आणलेली एक पुरचुंडी सोडली. घरचं भाताचं बियाणं. नऊ वर्षांपूर्वी पहिल्यांदा कुवेतला निघाला तेव्हा आईने दिलं होतं आणि दर सुट्टीला गेला की ती बदलून देते. इथे कुठे पेरणार, असं त्याने एकदाही तिला विचारलेलं नाही.

जेवायला पिठलं-भात. टीकारामने चार वेळा घेतलं.

शनिवार, १० जून

आज सकाळी टीकाराम यायच्या आतच आई फोनवर. मेथी, कोथिंबीर, पालक काय कुठे लावायचं ते सांगितलं. मग म्हणाली, टीकारामला येऊ नको म्हणून कळवा. एक दिवस शिल्लक राहू द्या.

मी म्हटलं, आई, मग काम अपुरं राहील! आराखड्यात एक ओळ उघडी राहील!

नरबहादुरने विचारून सांगितलं. काल दोघांचे दोन, आज त्याचा एक, असे तीन दिवस फिटले. आणि सगळेच दिवस फिटले तर नातं फिटलं. दोन घरांमध्ये एक तरी दिवस कुणाकडे तरी राहिला पाहिजे, म्हणजे जाणं-येणं राहतं. तो आता सदानंदने येऊन घ्यायचा. काउलेडांड्याला. तोवर मी मरत नाही, असंही ती म्हणाली.

समितीला हे चालतं का? दिदी म्हणाल्या, चालतं म्हणजे काय, असंच असतं. आणि वही कॅमेऱ्यासमोर धरली. सतरावरची रेघ खोडून त्याच्या बाजूला नवा सतरा लिहिला होता.

मी माझ्या आराखड्यात ती ओळ लाल ठेवली आहे. राहू दे.

शुक्रवार, १६ जून

पाइप टाकला. पाणी नाही. पाइपात हवा अडकली असणार, असं मी सकाळपासून कळवतोय. उत्तर आलं: हवा नाही, बेडूक. काढला.

टाकी भरायला दहा-बारा दिवस. मग पंधरा असारला, म्हणजे त्यांच्या आषाढाच्या पंधराव्या दिवशी, भातलावणीच्या सणाला, नळ सोडणार.

यूसुफभाईंचे पडदे लावले. उलटे लागले. परत लावले.

शुक्रवार, ३० जून

आज पंधरा असार. त्यातून बकरी ईदची सुट्टी. खरं तर आज बँकेला कुणाचाच सल्ला नको होता, पण हवा असता तरी मी गेलो नसतो.

नेपाळात या दिवशी दही आणि चिउरा खातात. मी विचारलं, म्हणजे काय? तर दही-पोहे! चित्राने पातेलंभर केले. फखरुन्निसाभाभींनी ईदची बिर्याणी आणली. टीकारामच्या काकड्या होत्याच. सगळे आमच्या हॉलमध्ये, शेताच्या बांधावर. रोपं वीतभर झाली आहेत. ती उपटून खालच्या पायरीतल्या चिखलात लावायची होती. चिखलात एका वेळी एकच पाय मावतो, म्हणून पाळी लावली. माझी पाळी आली तेव्हा यूसुफभाई म्हणाले, "संभाळून, भाऊ. बुडाव!"

तेवढ्यात आलोक आला. हातात फॉर्म. एका कंपनीत मला भांडारपालाची जागा मिळतेय म्हणाला, लाजू नका. मग त्याने हॉलमधलं भाताचं शेत, त्यात उभा असलेला मी आणि माझा निळा शर्ट असं सगळं पाहिलं. त्याचे डोळे भरून आले. मी म्हटलं, अरे, मी बँकेतच आहे! तो चित्राकडे बघून हळूच म्हणाला, "काकू, केव्हापासून असं बोलतायत?" त्याला दही-पोहे दिले.

दोन वाजता गावाहून कॉल. सतरा नंबरचं दार. दाराशी सिमेंटच्या छोट्या ओट्यावर नळ, त्याला झेंडूची माळ. आई, लालमाया, दिदी, निम्मं गाव. नरबहादुर फोन दोन्ही हातांनी धरून होता.

आईने नळ फिरवला. आधी फुस्स झालं. मग तांबूस पाणी. मग पांढरं, जोरात. बायका ओरडल्या. आईने तीच पोचा आलेली गागर नळाखाली धरली. भरली. ती उचलायला गेली तर लालमायाने हात पुढे केला. आईने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि गागर तिला दिली. नको म्हणाली नाही. मग ओट्यावर बसली, पाय नळाखाली धरले आणि बसूनच राहिली.

नरबहादुर रडत होता, टीकाराम रडत होता, आलोक का रडत होता त्याला ठाऊक. मीही रडलो. चिखलातला एक पाय बाहेर काढायचंसुद्धा सुचलं नाही.

जाताना फखरुन्निसाभाभींनी पुन्हा विचारलं, चित्राताई नसताना रातचा डबा पाठवू ना? मी म्हटलं, हो. त्या जिना उतरून गेल्या होत्या, परत वर आल्या. "काय म्हनालाव?" मी परत म्हटलं, हो. कोलंबी असली तर उत्तम.

सगळे गेल्यावर हॉल पुसला. आम्ही दोघांनी मिळून, मी खिडकीकडून, ती दाराकडून. मग मी खुर्चीत बसलो आणि चित्राला म्हटलं, गुडघ्याला जरा तेल लावून देशील का?

तिने फडकं खाली ठेवलं. माझ्या कपाळावर हात ठेवून पाहिला. ताप नव्हता. मग तेल कोमट करायला आत गेली.

मी ओरडून सांगितलं, हा एक दिवस माझ्याकडे राहिला, लक्षात ठेव.

"एक?" आतून आवाज आला. "सव्वीस वर्षांचे राहिलेत."